शंका आली त्याच आठवड्यात: दिव्यांग बालकांसाठी घरातून सुरू करायचे काम

गणेशचवथीच्या आरतीला घुमट आणि शामेळ ही वाद्ये वाजू लागली की मांडीवरचे मूल दचकते, मान वळवते, आणि घरातील थोरली माणसे समाधानाने सांगतात की याला ऐकू येते, उगाच काळजी करू नका. गोव्यातील डिचोली आणि सत्तरीच्या गावांत लहान मुलांसोबत काम करताना हे आश्वासन मी कितीतरी घरांत ऐकले आहे, आणि ते देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. परंतु घुमटाचा आवाज मोठा आणि खालच्या पट्टीचा असतो, त्याचा कंप जमिनीतून आणि छातीतूनही जाणवतो, त्यामुळे ज्या मुलाला बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखे हलके ध्वनी मुळीच ऐकू येत नाहीत तेसुद्धा घुमटाला दचकते. अशा मुलाच्या कानी आईचे बोलणे तुटक तुटक पडते, आणि ते बोलायला लागत नाही हे घराला पटेपर्यंत तीन वर्षे उलटून जातात. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वांत जास्त तयार असतो तो याच तीन वर्षांत.

शीघ्र हस्तक्षेप असे ज्याला सरकारी कागदांवर म्हटले जाते, त्याचा अर्थ एवढाच की जन्मापासून सहा वर्षांपर्यंत, आणि त्यातही पहिल्या तीन वर्षांत, मुलाच्या चालण्या-बोलण्यात, ऐकण्या-पाहण्यात किंवा समजण्यात काही अडते आहे असे दिसले तर त्या क्षमतेसाठीचे काम लगेच सुरू करायचे. त्यासाठी आजाराचे नाव कळण्याची गरज नसते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) आहे की नाही हे ठरायला कधी कधी वर्षभर लागते, पण मान सावरत नसलेल्या बाळाला जागेपणी पालथे ठेवून मान उचलण्याचा सराव आजच देता येतो, आणि पुढे निदान काहीही निघाले तरी त्या सरावाने मुलाचे नुकसान होत नाही.

कशावर लक्ष ठेवावे

सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या माता आणि बाल संरक्षण कार्डावर लसीकरणाच्या तक्त्यासोबत विकासाचे टप्पेही चित्रांसह छापलेले असतात. बहुतेक घरांत ते कार्ड फक्त लसीच्या दिवशी कपाटातून बाहेर येते. ते महिन्यातून एकदा तरी उघडून पाहावे. पुढे दिलेली वये सरासरीची नाहीत, तर ज्यानंतर थांबू नये अशा मर्यादा आहेत. बाळ तीन महिन्यांपर्यंत आपल्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, पाच महिन्यांपर्यंत मान धरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे होऊनही ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढत नसेल किंवा नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. मूल अगोदर जे करत होते ते करेनासे झाले, बोलत असलेले शब्द हरवले, तर मात्र वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

दोन खुणा सहज नजरेतून सुटतात. वर्षाच्या आतले मूल प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल तर घरच्यांना ते डावखुरे वाटून गंमत वाटते, पण इतक्या लहान वयात हात ठरलेला नसतो. दुसरा हात मुठीत मिटलेला राहतो का, त्या बाजूचा पाय ताठ आहे का, हे पाहणे आवश्यक असते. दुसरी खूण फार शांत बाळाची. जे रडत नाही, दूध मागत नाही, कुणी उचलले काय आणि न उचलले काय सारखेच राहते, त्याला ‘गुणी’ म्हणून त्याचे कौतुक होते आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजावे. आठ आठवडे अगोदर जन्मलेले बाळ आज सहा महिन्यांचे असेल तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवावी. अशा बाळांच्या बाबतीत एक तपासणी मात्र दिवस मोजून करावी लागते: ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने पाहिला पाहिजे, आणि बाळ २८ आठवड्यांच्याही आतले असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. पडद्यावरील रक्तवाहिन्यांची चुकीची वाढ वेळीच दिसली तर लेझरने किंवा इंजेक्शनने थांबवता येते. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

ऐकण्याची चाळणी चाचणी प्रत्येक नवजात बाळाची व्हावी. ती काही मिनिटांत, बाळ झोपेत असताना होते आणि दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत बेरा चाचणीने (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे यंत्राने मोजणारी चाचणी) निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र, असा जगभर मान्य असलेला क्रम आहे. इस्पितळातून घरी सोडताना कानाची चाचणी झाली का आणि थायरॉइडसाठी टाचेचे रक्त तपासले का, हे दोन प्रश्न आईने किंवा आजीने न लाजता विचारावेत. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत कळली तर रोजच्या एका लहान गोळीने मुलाचा मेंदू सुरक्षित राहतो. बौद्धिक अक्षमता इतक्या सोप्या उपायाने टाळता येईल अशी उदाहरणे फार थोडी आहेत. जन्मतः आत वळलेले पाऊल असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला बदलायची प्लास्टर सुरू करावीत, बहुतेक मुलांना पाच ते सात पुरतात. पुढे चार वर्षांपर्यंत झोपताना विशेष बूट घालण्याचा कंटाळा करू नये, कारण पाऊल पुन्हा वळते ते बहुधा तेथेच.

कुठे जावे आणि काय घेऊन जावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायची असते. पथक येणार त्या दिवशी मूल मामाच्या गावी असले की ती संधी सहा महिने पुढे जाते, म्हणून अंगणवाडी सेविकेकडून तारीख विचारून ठेवावी. शंका असेल तर पथकाची वाटही पाहू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातील बालरोग विभागात, अथवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जावे. तेथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या सेवेबद्दल स्पष्टपणे विचारावे. याशिवाय बालविकास आणि कुटुंब मार्गदर्शनाचे काम करणारी सेतू, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीचे संजय स्कूल अशा संस्थांचा अनुभव मोठा आहे.

डॉक्टरांसमोर मूल बहुधा रडते किंवा झोपते, आणि घरी रोज दिसणारी गोष्ट तेथे दिसत नाही. त्यासाठी मोबाइलवर एकेक मिनिटाची तीन-चार चित्रीकरणे करून न्यावीत: मूल जेवताना, जमिनीवर खेळताना, पाठीमागून हाक मारल्यावर, आणि जी हालचाल आपल्याला विचित्र वाटते ती करताना. एका साध्या वहीत जन्माच्या वेळचे वजन, बाळ लगेच रडले होते का, कावीळ किंवा झटके आले होते का, आणि मूल कोणत्या महिन्यात काय करू लागले हे लिहून ठेवावे. माझ्या ओळखीच्या एका आईला, मुलगा दीड वर्षाचा असताना, एका ठिकाणी ‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांचा झाला की या’ असे सांगून परत पाठवले गेले. ती सहा महिन्यांनी वही घेऊन दुसऱ्या ठिकाणी गेली. मुलाने बोट कधीच दाखवले नाही आणि बोलत असलेले चार शब्द सोळाव्या महिन्यात थांबले, हे तारखेनिशी लिहिलेले पाहिल्यावर तेथील डॉक्टरांनी त्याच दिवशी पुढील तपासण्या लिहून दिल्या. ते सहा महिने वाचवता आले असते. म्हणून ‘थांबून पाहू’ असे कुणी सांगितले तर किती आठवडे थांबायचे, तोपर्यंत घरी काय करायचे आणि काय दिसले तर लगेच परत यायचे, हे विचारल्याशिवाय उठू नये.

मूल बोलत नसेल तर कारण काहीही वाटो, सर्वप्रथम ऐकण्याची तपासणी मागावी. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची यादी पालकांकडून भरून घेतली जाते. तिच्यावरून ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) निदान होत नाही. पुढील तपासणी हवी की नको एवढेच ठरते.

घरात काय करावे

वाळपईहून कदंब बसने बांबोळीला जाऊन थेरपीचा अर्धा तास घेऊन परत यायचे म्हटले तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि आठवड्यातून दोनदा ते कुणालाच फार काळ जमत नाही. माझे मत असे आहे की त्या अर्ध्या तासाचा खरा उपयोग पालकाने शिकून घेण्यासाठी करावा. थेरपिस्टने मुलाचे हात-पाय हलवले आणि आई बाकावर बसून राहिली, तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया गेले असे समजावे. ‘मला करून दाखवा, मी करते, चुकले तर सांगा’ असे म्हणून एक किंवा दोनच गोष्टी नीट शिकून घ्याव्यात आणि त्या आंघोळ, जेवण, कपडे घालणे या रोजच्या कामांत बसवाव्यात. वेगळा व्यायामाचा तास ठरवला की पाहुणे आले, लग्न आले, शेतकाम आले की तो मोडतो. जेवण मात्र कुणी चुकवत नाही.

जेवणाचेच उदाहरण घेऊ. स्नायू ताठ किंवा ढिले असलेल्या मुलाला मांडीवर आडवे घेऊन, डोके मागे कलते ठेवून पेज पाजण्याची पद्धत घरोघरी आहे, आणि तीच सर्वांत धोक्याची आहे, कारण पातळ पेज सरळ श्वासनलिकेत उतरू शकते. वारंवार होणारा खोकला, जेवताना घरघरणारा आवाज आणि सारखा सारखा न्यूमोनिया ही त्याची लक्षणे होत. मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पाठीला उशी लावून, कंबर काटकोनात वाकेल असे बसवावे. खुर्ची असेल तर लोंबकळणाऱ्या पावलांखाली पाट ठेवावा, कारण पाय टेकले की धड स्थिर होते आणि धड स्थिर झाले की जीभ आणि जबडा यांना काम करता येते. हनुवटी किंचित खाली असावी. उकड्या तांदळाची पेज गाळून पाण्यासारखी न करता भात चिरडून दाट ठेवावी. नाचणीचे तिझण तर या कामासाठी फारच चांगले, कारण ते चमच्यावर टिकते. चमचा समोरून, तोंडाच्या पातळीला किंवा थोडा खालून आणावा, वरून आणला की मूल मान मागे टाकते. चमचा जिभेवर हलका टेकवून मुलाचे ओठ स्वतःहून मिटण्याची वाट पाहावी, वरच्या ओठावर घासून घास आत ओतू नये. पहिल्या आठवड्यात वेळ दुप्पट लागेल आणि अर्धे अन्न अंगावर सांडेल. ओठ मिटण्याची हीच हालचाल पुढे ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणायला लागते, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. एवढे करूनही ठसका लागत राहिला तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

ताठ पायांच्या मुलाला कडेवर घेताना त्याचे दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना फाकून ठेवावेत. उभे धरून छातीशी कवटाळले तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. आंघोळीच्या वेळी तेल लावून हातपाय जोराने ताणणारी मालिश अशा मुलाला करू नये, झटका देऊन ताणलेला स्नायू आणखी आखडतो. ज्या सुइणीने घरातील चार बाळे न्हाऊमाखू घातली तिला हे सांगणे जड जाते, पण सांगावे लागते. जागे असलेले बाळ पाळण्यात किंवा वॉकरमध्ये ठेवण्यापेक्षा गोधडीवर, जमिनीवर असावे, आणि दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे असावे. समोर स्टीलचे भांडे ठेवले तर त्यातील चमक पाहण्यासाठी ते मान उचलते.

न बोलणाऱ्या मुलासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे आपले थांबणे. मुलाला काय हवे हे आईला अगोदरच कळते आणि मागण्याआधी वस्तू हातात येते, त्यामुळे मागण्याची गरजच उरत नाही. एका हातात केळे आणि दुसऱ्या हातात बिस्कीट आपल्या डोळ्यांच्या पातळीला धरून ‘केळे की बिस्कीट?’ असे विचारावे आणि मनात दहापर्यंत मोजावे. मुलाने नुसते पाहिले, हात पुढे केला, आवाज काढला, यांपैकी काहीही केले तरी ते उत्तर मानून वस्तू लगेच द्यावी आणि तिचे नाव घ्यावे. मूल ‘केळे’ म्हणाले तर आपण ‘पिकलेले केळे’ म्हणावे. खुणा किंवा चित्रे वापरल्याने मूल बोलायचे राहील ही भीती अनाठायी आहे. खुणांनी बोलण्याला मदतच होते.

बोट दाखवणे शिकवण्यासाठी गोमंतकातील घराला चवथीला गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीइतकी चांगली जागा सापडणार नाही. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, केळी असे सगळे डोक्यावर टांगलेले असते आणि हात पोहोचत नाही. मुलाला उचलून त्याच्या नजरेच्या रेषेत आपले बोट धरावे, ‘तो बघ चिबूड’ म्हणावे, आणि मग मूल परत आपल्या चेहऱ्याकडे पाहते का याकडे लक्ष द्यावे. वस्तूकडे, मग माणसाकडे, मग पुन्हा वस्तूकडे अशी जी नजर फिरते तिच्यावरच पुढची सगळी भाषा उभी राहते, आणि ऑटिझम असलेल्या मुलांना नेमकी तीच जाणीवपूर्वक शिकवावी लागते. चवथ वर्षातून एकदाच येते, म्हणून एरवी फडताळावर उंच ठेवलेला डबाही चालेल. दोन वर्षांच्या आतील मुलाला मोबाइल आणि दूरदर्शन देऊ नये, असा भारतीय बालरोग अकादमीचा सल्ला आहे; पडद्यावरचा चेहरा मुलाच्या नजरेला परत नजर देत नाही.

श्रवणयंत्र मिळालेल्या मुलाने ते आंघोळ आणि झोप सोडून जागे असेल तितका वेळ लावले पाहिजे. मृगाचा पाऊस सुरू झाला की गोव्याच्या दमट हवेत यंत्रात ओल धरते, आवाज खरखरतो आणि मूल ते ओढून काढते. मूल हट्टी झाले असे समजण्यापूर्वी यंत्र पाहावे. रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे, आणि रोज सकाळी मुलाला लावण्याआधी आपण स्वतः त्यातून ऐकून पाहावे.

कोणत्या भाषेत बोलावे

घरात कोकणी, देवघरात आणि वाचनात मराठी, शाळेत इंग्रजी, अशा आपल्या घरांत मूल उशिरा बोलू लागले की पहिला सल्ला मिळतो तो एकच भाषा ठेवण्याचा, आणि ती बहुधा इंग्रजी सुचवली जाते. दोन भाषा ऐकल्याने मुलाला भाषेची अक्षमता येत नाही, आणि डाऊन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेली मुलेही दोन भाषा शिकतात. ज्या भाषेत आजी रागावते, गोष्ट सांगते आणि ओवी गुणगुणते, त्याच भाषेत तिने मुलाशी बोलावे. मोडक्या इंग्रजीत ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ असे हुकूम देणारी आजी मुलाला भाषा देत नाही, फक्त आज्ञा देते. मूल कोणत्या भाषेत किती शब्द बोलते हे मोजताना मात्र सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत आणि थेरपिस्टला तसे सांगावे.

कागदपत्रे आणि खोटी आश्वासने

थेरपी सुरू करण्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची गरज नसते, म्हणून त्यासाठी अडून राहू नये. परंतु योजनांसाठी ते लागते, तेव्हा यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज समांतर चालू ठेवावा; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत आणि अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमता नोंदलेली असावी लागते. लहान मुलांचे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, त्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते, आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली दिव्यांगांना मासिक साहाय्य मिळते.

कुणी सहा महिन्यांत मूल पूर्ण बरे करून देतो असे सांगत असेल तर तेथून उठावे. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. जमीन किंवा दागिने विकून असे उपचार घेण्याच्या तयारीत असलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्या पैशांत मुलाच्या कितीतरी वर्षांच्या थेरपीचा खर्च निघाला असता.

अंगणवाडीत पाठवताना

तीन वर्षांचे मूल चालत-बोलत नसले तरी त्याला अंगणवाडीत पाठवावे. दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केला आहे, आणि अशा मुलांना ओळखून, सामावून घेऊन पुढे पाठवणे हे सेविकेचे काम आहे. पुढे सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या मुलाला आहे.

पहिल्या दिवशी सेविकेच्या हातात निदानाची जाड फाइल न देता एक पान द्यावे. मी अशी पाने पालकांसोबत बसून लिहिते. चार वर्षांच्या एका मुलीच्या पानावर आम्ही लिहिले होते: ‘डाव्या कानाने चांगले ऐकते, म्हणून डाव्या बाजूने बोलावे. भिंतीला टेकून बसवले तर दोन्ही हात वापरते. शू लागली की फ्रॉक ओढते. कासाळ्यांचा (मोठ्या झांजांचा) आवाज सहन होत नाही, तेव्हा बाहेर न्यावे, थोड्या वेळात स्वतःच परत येते. चिबूड फार आवडतो.’